उजव्या दारातला आवाज

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमचं वय साठ आहे, अंगावर नवाकोरा लाल रंग आहे आणि कपाळावर पाटी लावली आहे, 'विकणे आहे'. कसं वाटेल? मला अगदी तसंच वाटत होतं.

मी एक जुनी अमेरिकन गाडी आहे, स्टिअरिंग डावीकडे असलेली. छप्पर मागे दुमडायचं आणि वारा खात हिंडायचं, अशातली. माझा पहिला मालक जमिनी मोजायचा. त्याच्या मुलीने एकदा काचेच्या फटीतून माझ्या उजव्या दारात निळी गोटी टाकली आणि म्हणाली, "सांभाळ हं. दादाला सांगू नकोस." मी सांगणार तरी कशी!

पुढे मालक बदलत गेले. शेवटी पंधरा वर्षं मी एका गोठ्यामागे पडून होते. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. माझी किंमत तेवढी त्यांनाच होती.

तिथून मला मिस्त्रीआजोबांनी आणलं. तीन वर्षं ते माझ्यासाठी खपले. गंज खरवडला, इंजिन खोलून पुन्हा जोडलं, छपराला नवं कापड शिवलं. उजव्या दाराला गंज नव्हता, म्हणून तेवढं आतून उघडलं नाही. आता महिनाअखेर त्यांना शेड रिकामी करून द्यायची होती. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही, तर माझ्या नशिबी पुन्हा ऊन, पाऊस आणि कोंबड्या.

एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई मला चालवून बघायला आल्या. शेजारी आजोबा, मागे त्यांची नात. पहिल्याच गतिरोधकावर मी उडाले आणि जुन्या ग्रीसमध्ये रुतलेली गोटी सुटली. खडळ्... टक!

बाईंनी गाडी थांबवली. "हे काय वाजलं?"

"काही नाही हो. एकूण एक नट माझ्या हाताने आवळलाय."

"मिस्त्री, वरून मोत्यासारखे आणि आतून किडलेले दात मी रोज बघते. हिच्या आत काय आहे, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

आजोबांचा चेहरा उतरला. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण हॉर्नशिवाय मला आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याने दाबला तर!

"आजोबा, तुम्ही मागे या बघू," नात म्हणाली. पुढे बसून तिने उजव्या दाराला कान लावला. "डॉक्टर, हळू पुढे घ्या. आता ब्रेक."

मी निघाले की गोटी मागे जायची, थांबले की पुढे यायची.

"नट असता तर फरफटला असता. हे घरंगळतंय! हिचं काही सुटलेलं नाही, आजोबा, हिच्या पोटात काहीतरी आहे!"

"दार न उघडताच छातीठोक बोललो. चुकलंच माझं," आजोबा पुटपुटले. शेडमध्ये परतून त्यांनी दाराचं आतलं आवरण काढलं. नातीने कोपरापर्यंत हात घातला आणि गोटी बाहेर काढली.

मित्रांनो, जुनं यंत्र कुरकुरलं की लगेच भंगारात काढू नका. आधी ते काय म्हणतंय, ते ऐका.

"गाडी मी घेतली," बाई हसल्या. "गोटी तुला."

"पण कुणी मुद्दाम हिच्याकडे ठेवायला दिली असेल तर?"

"अगं, परत टाकलीस तर परत वाजेल!" आजोबा म्हणाले.

"वाजू दे," बाई म्हणाल्या. "कशाचा आवाज ते कळलंय. आता ते दुखणं नाही."

आजोबांनी शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत नात थांबली. मग तिने काच खाली केली, गोटी फटीतून आत सोडली, "सांभाळ हं," म्हणाली आणि पुन्हा दाराला कान लावला.