पिवळ्या बोयांच्या आत

बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. बायका पाण्यातून बाहेर येऊन कपडे बदलत होत्या. शेगडीवर रताळी भाजत होती आणि मी दाराबाहेर भिंतीला टेकून निथळत होतो.

मी तेवाक. समुद्राच्या तळाशी बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका वर आल्या की ज्याला कवटाळून दम घेतात, तो नारिंगी गोळा मीच. माझ्या पोटाखाली जाळं असतं आणि एका दोरीला दगड. बाई खाली गेली की दगड मला जागेवर धरून ठेवतो. जिथं ती बुडाली तिथंच उभं राहायचं, एवढंच माझं काम.

पूर्वीचे तेवाक भोपळ्याचे असत. मी थर्माकोलचा. माझी मालकीण चुन्ह्वा, तिच्या मुलानं, ग्वानसूनं, मला आपल्या हातांनी कापलं, तासलं आणि वर नारिंगी कापड शिवलं. टाके वेडेवाकडे आले. चुन्ह्वा म्हणाली होती, "हे काय शिवलंस रे? बटाट्याचं पोतं का?" पण त्यानंतर दुसरा तेवाक तिनं हाती धरला नाही.

तर त्या दिवशी गावाच्या भोंग्यावर गावप्रमुखाचा आवाज आला. आधी संत्र्यांच्या बागांच्या फवारणीबद्दल झालं. मग त्याच सुरात तो पुढं म्हणाला, "नौदलाच्या तळाकडून सूचना आहे. समुद्रात हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या पिवळ्या बोयांची ओळ पुढं सरकणार. काळ्या खडकापर्यंतचं पाणी यापुढं लष्करी हद्दीत. आत जाणाऱ्यावर खटला होईल. सर्वांनी नोंद घ्यावी."

खोलीत रताळी करपू लागली, तरी कुणी उलटली नाहीत.

"फवारणी आणि समुद्र एका दमात उरकला मेल्यानं," हेसुन म्हणाली. ती बायकांची प्रमुख. पाण्यात तिचा शब्द शेवटचा. "समोर येऊन सांगायला काय धाड भरली होती?"

"समोर आला असता तर तू त्याला रताळ्यासारखा भाजला असतास," कुणीतरी म्हणालं. पण हसलं कुणी नाही. सगळ्या चुन्ह्वाकडे बघत होत्या.

ग्वानसूची होडी काळ्या खडकाशीच उलटली होती. होडी सापडली, तो सापडला नाही. आमच्या दोल्गे गावात वाऱ्याच्या देवीच्या पूजेला बायका मूठभर भात पांढऱ्या कागदात बांधून समुद्रात सोडतात. पहिली पुडी समुद्रदेवाची, नंतरच्या आपापल्या माणसांच्या. ज्याला मातीत जागा मिळाली नाही, त्याचं जेवण तो गेला तिथंच पोचवायचं असतं. दरवर्षी चुन्ह्वा आणि तिची सून मिग्यंग मला मधे धरून त्या खडकापर्यंत पोहत जात.

त्या संध्याकाळी चुन्ह्वा म्हणाली, "मी जाणार. पूजेच्याच दिवशी, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं."

"मीपण," मिग्यंग म्हणाली.

"तू होडीतून पाय खाली टाकायचा नाहीस. तुझ्या डोक्यावर काय टांगलंय विसरलीस?"

मिग्यंग विसरली नव्हती. तळ बांधला जात होता तेव्हा ती सिमेंटच्या गाड्यांपुढं रस्त्यावर आडवी झाली होती. तिनं हात उगारला नव्हता की दगड मारला नव्हता, नुसती पडून राहिली होती. कामात अडथळा आणला म्हणून कैद झाली. न्यायाधीशांनी ती ठरावीक मुदतीसाठी स्थगित ठेवली. पण त्या मुदतीत दुसरा गुन्हा होऊन पुन्हा कैद झाली, तर जुनी आणि नवी, दोन्ही भोगायच्या.

"तुम्ही एकट्या कशा जाल, आई?"

"मी म्हातारी आहे. मला आत टाकून त्यांनाच रोज औषधं द्यावी लागतील."

माझ्याभोवती एक कापड गुंडाळलं गेलं. त्यावर मिग्यंगच्या अक्षरात लिहिलं होतं: आमच्या माणसाकडं जायची वाट सोडा.

पूजेच्या दिवशी समुद्र शांत होता. बायकांची होडी बोयांच्या ओळीबाहेर थांबली. चुन्ह्वानं भाताची पुडी कमरेला बांधली, मला छातीशी धरलं आणि ओळ ओलांडली. तळावरचा भोंगा लगेच ओरडू लागला. हद्द सोडा, मागं फिरा. ती फिरली नाही. खडकाजवळ येऊन तिनं दगड सोडला, मला उभं केलं आणि त्याच वेळी पहाऱ्याची बोट येताना दिसली. तिनं बुडी मारली.

इथून पुढचं सांगताना अजूनही माझ्या आतला थर्माकोल करकरतो.

बुडी मारलेली बाई वर येते तेव्हा कोंडलेला दम शीळ होऊन बाहेर पडतो. प्रत्येकीची शीळ वेगळी. डोळे मिटूनही बायका ओळखतात की ही अमकी वर आली. तेवाक उभा आहे आणि शीळ नाही, याचा समुद्रावर एकच अर्थ होतो. मग जी जवळ असेल तिनं हातातलं टाकून जायचं. तिथं कुणी परवानगी विचारत नाही.

मी उभा होतो. पहाऱ्याची बोट माझ्याभोवती फिरत होती, लाटांनी मी हेलकावत होतो. शीळ नव्हती.

होडीवरच्या बायका आपापला दम धरून मोजत होत्या, हे मला इतक्या लांबूनही कळत होतं. एकेकीचा दम संपला, तरी चुन्ह्वा वर आली नाही. आधी उडी कुणी मारली ते मी पाहिलं. ती मिग्यंग होती. त्याच खडकाशी नवरा गेला होता. तिच्या मागोमाग हेसुन, आणि मग बाकीच्या. सगळ्या पंख्यासारख्या पसरल्या, बुडालेलीला शोधताना पसरतात तशा.

बोटीवरच्या शिपायांना वेगळं दिसलं. त्यांना दिसलं की काळ्या कपड्यांतली माणसं रांग धरून, शिकवल्यासारखी, तळावर चालून येताहेत.

चुन्ह्वा बुडाली नव्हती. ती तळाच्या बंधाऱ्याच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमागं वर आली होती, तोंड गच्च मिटून. तिला वाटलं, शिपाई मला आणि कापडाला उचलतील, निघून जातील, मग निवांत भात सोडता येईल. म्हणून तिनं शीळ गिळली. आयुष्यभर समुद्रात घालवलेली बाई, पण त्या क्षणी तिच्या मनात फक्त शिपायांचे कान होते. तिच्या बायकांचे कान ती विसरली.

मिग्यंगनं तिला शोधलं. आधी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग तिच्यावर ओरडली.

"जिवंत आहात! आई, जिवंत आहात तुम्ही!"

"हळू बोल. ऐकतील."

"ऐकू देत! मेलेलं धरलं होतं मी तुम्हाला!"

काय झालं ते चुन्ह्वाला तेव्हा उमगलं. बोयांच्या आत पसरलेल्या बायका तिनं पाहिल्या. "जा पोरी, आत्ताच्या आत्ता मागं फिर," ती म्हणाली. भोंगाही तेच सांगत होता. हेसुन आणि बाकीच्या वळल्यासुद्धा.

मिग्यंग वळली नाही. तिनं सासूच्या कमरेची पुडी सोडवली, खडकापर्यंत पोहत गेली आणि भात पाण्यात सोडला. मग हात जोडून जरा वेळ तिथंच राहिली. बोटीवरच्या कॅमेऱ्यानं ते सगळं टिपलं.

त्या दिवसापासून मी मुद्देमाल झालो. माझ्या दोरीला चिठ्ठी बांधली गेली. मी कोरड्या खोलीत, लोखंडी फळीवर. शेजारी कुणाचं तरी फुटलेलं हेल्मेट आणि एक करवत. कापड माझ्यावरून काढून वेगळ्या पिशवीत ठेवलं. तेवाकाचं नारिंगी कापड कोरडं राहिलं की हळूहळू आक्रसतं. ग्वानसूचे टाके उसवायला लागले.

एकदा वकीलबाई चुन्ह्वाला घेऊन मला बघायला आल्या. फळीवरून मला खाली काढलं. चुन्ह्वानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सरकार म्हणतंय हा आधी ठरवलेला कट आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही ओळ मोडायची, गोंधळ करायचा, मग बाकीच्यांनी घुसायचं. मला एवढंच सांगा आजी, त्या तुम्हाला वाचवायलाच आल्या होत्या ना?"

"आणखी कशाला येतील?"

"मग तुम्ही बुडत होता असं सांगू या."

"मी बुडत नव्हते."

चुन्ह्वानं खाली बघत शिळेचं सगळं सांगितलं. फार हळू बोलत होती.

"हे तुम्ही कोर्टात बोललात, तर त्यांना कट नव्हता हे पटेल," वकीलबाई म्हणाल्या. "पण तुम्ही पहाऱ्यापासून मुद्दाम लपलात हेही कबूल होईल. तुमची शिक्षा वाढेल."

"ती वाढू दे. त्याचं काही नाही."

"मग अडचण काय?"

"तिथं आमच्या बायका बसलेल्या असतील," चुन्ह्वा म्हणाली.

कोर्टात मला टेबलावर ठेवलं होतं. इतक्या कोरड्या, उजळ जागी मी कधीच नव्हतो. सरकारी वकील माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले की ही खूण होती, ही पाहून सगळ्या जणी ठरल्याप्रमाणे पसरल्या.

हेसुन साक्षीला उभी राहिली. "साहेब, बाजारात पोर हरवलं तर तुमच्या घरचे सगळे एकाच गल्लीत शोधतात का?"

"फक्त प्रश्नाचं उत्तर द्या."

"उत्तरच देतेय. चार दिशांना गेलो म्हणजे शोधत होतो. चाल करून यायचं असतं तर आम्ही गात आलो असतो. आमच्या बायकांना गप्प राहून काही जमत नाही."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. मग चुन्ह्वा उभी राहिली आणि हसू थांबलं.

"मी वर आले होते," ती म्हणाली. "दम होता. शीळ मीच गिळली. शिपायांना कळू नये म्हणून."

न्यायाधीशांनी ते ऐकून मान हलवली. त्यांना ते एक बारीकसं तपशिलाचं वाक्य वाटलं असावं. पण मागं बसलेल्या बायकांमध्ये कुणीतरी मोठ्यानं श्वास ओढला. शीळ गिळणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. उद्या खरंच कुणी बुडेल आणि बाकीच्यांना वाटेल, लपली असेल. हेसुननं मान फिरवली. मिग्यंग समोर बघत राहिली.

कट नव्हता, हे कोर्टानं मानलं. बाकीच्या बायका सुटल्या. मिग्यंगनं उडी मारली तीही जीव वाचवायला, हेही मानलं. मला वाटलं, सुटली.

मग न्यायाधीशांनी तिला विचारलं, "सासूबाई सुखरूप सापडल्या. त्यानंतर परत फिरायला सांगितलं जात होतं. तुम्ही का फिरला नाहीत?"

वकीलबाईंनी तिच्याकडं पाहिलं. घाबरले होते, काही सुचलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दंडावर भागलं असतं. दंडानं जुनी शिक्षा जागी होत नाही.

मिग्यंग म्हणाली, "तिथवर पोचलेच होते. नवऱ्याला जेवायला न घालता कशी फिरू?"

"म्हणजे तुम्ही समजून-उमजून थांबलात?"

"हो, समजून-उमजून."

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. पण देशाच्या सुरक्षेची ओळ दुःखासाठी वाकवता येत नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं होतं. मिग्यंगला कैद झाली, थोडीच. थोडी पुरेशी होती. जुनी तिच्यामागून आपोआप आली. चुन्ह्वाचा पहिलाच गुन्हा, वय झालेलं, म्हणून तिची शिक्षा स्थगित राहिली.

मिग्यंगला आतल्या दारानं नेलं तेव्हा चुन्ह्वा बाकावरून उठली आणि दार बंद होईपर्यंत उभीच राहिली.

आता अपिलाची मुदतही संपली आहे. मला परत न्यायला हरकत नाही, असं तिथल्या कारकुनानं कळवलं, म्हणून काल चुन्ह्वा आली होती. सोबत हेसुन. कपडे बदलायच्या खोलीत बायकांनी वेगळा निवाडा केला होता: चुन्ह्वानं हा हंगाम पाण्यात उतरायचं नाही. तो तिनं एका शब्दानंही नाकारला नव्हता.

हे वाचणाऱ्या माणसांनो, मी साधा गोळा आहे, मला कायदा कळत नाही. ओळ कशाला असते ते मला समजावून सांगितलं तर कदाचित पटेलही. पण कधी पाण्यावर एकटा तेवाक दिसला, तर आधी त्याच्याखालचं माणूस शोधा. तो ओळीच्या कुठल्या बाजूला आहे, ते नंतर बघा.

कारकून आत सही-शिक्का आणायला गेला तेव्हा दोघी खिडकीशी उभ्या होत्या.

"दर आठवड्याला तिला भेटायला जातेस ना, चुन्ह्वाताई?" हेसुननं विचारलं.

"जाते."

"काय बोलता?"

"संत्र्यांचं. यंदा गोडी कमी आहे. ती विचारते, मी सांगते."

"आणि शिळेचं ते?"

चुन्ह्वा माझ्या उसवलेल्या टाक्यावर बोट फिरवत राहिली.

"काच असते मधे," ती म्हणाली. "फोनवरून बोलावं लागतं. शिपाई शेजारी उभा असतो."

"शिपाई ऐकेल म्हणून पुन्हा गप्प?"

कारकून शिक्का घेऊन आला. चुन्ह्वानं मला काखेत धरलं आणि आम्ही बाहेर पडलो.

"माझ्यामुळे तू आत गेलीस," हे चुन्ह्वानं मिग्यंगला समोरासमोर अजून सांगितलेलं नाही.