पिवळी ड्रायव्हर

वर्षभर माझ्या पोटानं माझा नुसता छळ मांडला होता. लांब पल्ल्याची बस चालवणारी बाई वाटेत चारदा गाडी थांबवून संडासला पळाली, तर प्रवासी काय टाळ्या वाजवतील? पोटातले जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनात. डेपोच्या साहेबांनी मला तिकीट खिडकीवर बसवलं आणि बजावलं, महिनाअखेर बरी झाली नाहीस तर गाडी कायमची दुसऱ्याला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी क्विनाक्रिन नावाचं औषध मागवलं. जुनं, एकेकाळी हिवतापावर देत ते. पूर्वी कधी मनाचा आजार झाला होता का, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. "जेवणानंतर घ्या. कातडी पिवळी पडेल, घाबरू नका. पण एखाद्याचं डोकं भ्रमतं, म्हणून गोळ्या संपेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही." मग माझ्या नवऱ्याकडे वळल्या. हे माझ्याच बसचे कंडक्टर. "या भलतंसलतं बोलायला लागल्या तर गोळी बंद करून थेट इकडे आणा."

"ही रोजच बोलते हो. मला कळायचं कसं?"

मी असे डोळे वटारले की ह्यांनी घाईघाईनं औषधाची चिठ्ठी उचलली.

गोळ्या संपल्या, तपासणीत जंतूंचा मागमूस नाही. मी मात्र लिंबासारखी पिवळी. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथं अख्ख्या जगाला मीच पिवळी दिसत होते! सासूबाई तर रोज डोळ्यांत पाणी आणून बघायच्या.

"कावीळ घेऊन गाडी चालवणार? घरी जा," साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "कसली कावीळ! रक्त तपासलंय, लिव्हर ठणठणीत आहे. लावा डॉक्टरीणबाईंना फोन, आत्ताच्या आत्ता!"

साहेबांनी लावला. रंग औषधाचा आहे, काही आठवड्यांत उतरेल, आजार गेलाय, बाईंना खुशाल गाडी द्या, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. साहेबांनी निमूटपणे किल्ली पुढे केली. मी ती जवळजवळ हिसकावलीच!

स्टिअरिंगला हात लागला आणि मला रडूच फुटलं. ह्यांनी मागून घंटी दिली. भरल्या गाडीनं अर्धा रस्ता एका दमात तोडला. थांब्यावरच्या खानावळीत मी भरलं ताट संपवलं. वर्षभरात ड्युटीवर असताना मी पाण्याचा घोटसुद्धा भीत भीत घेतला होता.

"अगं, बेतानं. पुढे मोठा चढ आहे," हे म्हणाले.

"चढ गाडीला आहे, मला नाही," मी म्हणाले आणि वाढणाऱ्याला हाक मारली, "अहो भाऊ, इकडे आणखी भात आणा!"