फुंकर मारण्याआधी

"एकच रेघ! एकच रेघ!"

जिन्यावरून कुणीतरी ओरडलं आणि रस्त्यापर्यंत लागलेल्या रांगेत टाळ्यांचा कडकडाट झाला. एक बाई तपासणीचं कार्ड उंच धरून रडत-हसत पायऱ्या उतरत होती. मागच्या आठवड्यात तिच्या कार्डावर दोन रेघा होत्या, म्हणजे आजार. फुंकरबाबांनी पेल्यातल्या पाण्यावर फुंकर मारली, बाई ते पाणी प्यायली, बाबांच्या माणसाने तिच्या बोटातून थेंब काढून नवं कार्ड लावलं आणि दुसरी रेघ गायब!

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "तुमच्या कॉलेजात शिकवतात का असलं काही?"

प्रश्न बबडीला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेली ही मुलगी आज आईचा हात लहान मुलासारखा धरून उभी होती. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिथे यकृताच्या एका आजाराची मोफत तपासणी झाली आणि आईच्या कार्डावर दोन रेघा उमटल्या. खात्रीसाठी इस्पितळात मोठी तपासणी करायची होती, पण तिची तारीख लांबची मिळाली. कार्डाच्या पाकिटावर 'पंच्याण्णव टक्के अचूक' असं छापलं होतं. म्हणजे आई पंच्याण्णव टक्के आजारी, असं बबडीने धरलं होतं. आई खोकली तरी ती दचकून बघायची.

वरून बाबांचा आवाज येत होता. "रक्त म्हणजे काय? आतला वारा! आणि वारा कुणाचं ऐकतो? वाऱ्याचंच!" मग बाबा गाल फुगवायचे, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवायला निघाल्यासारखे. "पण ध्यानात ठेवा, इस्पितळाची पायरी चढलात तर फुंकर उलटते!"

"मी ती तारीख रद्द करते," आई हळूच म्हणाली. बबडीला नको म्हणायचं होतं, पण मघाची ती एक रेघ तिनेही पाहिली होती.

आजचे नंबर संपले होते. परत फिरताना बबडीला मागच्या जिन्याने उतरणारे कटिंगमास्तर दिसले. हे आईच्याच कारखान्यात कापड बेतायचे. डोळे पिवळट, पाय ओढत चाललेले.

"मास्तर, काय झालं?" आईने विचारलं.

"माझी श्रद्धा कमी पडते म्हणे. पुन्हा बोलावलंय," असं म्हणून ते मान खाली घालून गेले.

दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर गणित लिहिलं. शंभरातलं एक बेअरिंग सदोष असतं आणि तपासणी यंत्र शंभरात पाचदा चुकतं. यंत्राने सदोष ठरवलेलं बेअरिंग खरंच सदोष असण्याची संभाव्यता किती?

"पंच्याण्णव टक्के!" सगळा वर्ग ओरडला. आणि बबडीला रडू कोसळलं.

तास संपल्यावर सर तिच्या बाकाशी आले. "बेअरिंगसाठी कुणी रडत नाही. काय झालंय?"

तिने सगळं सांगितलं.

"हा आजार किती जणांना असतो?"

"शंभरात एकाला, असं तपासणीचे डॉक्टर म्हणाले."

"मग हजार माणसं घे. आजारी किती? दहा. त्या सगळ्यांच्या कार्डावर दोन रेघा येतात असं धर. उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी माणसांपैकी किती जणांच्या बाबतीत कार्ड चुकेल? थेंब जास्त पडला, कार्ड दमट झालं, की खोटी रेघ उमटते."

"पन्नासएक जणांच्या."

"म्हणजे दोन रेघांवाले एकूण साठ. त्यातले खरे आजारी?"

"दहाच!" तिने पुन्हा आकडेमोड केली. "म्हणजे आई बरी असेल?"

"शक्यता मोठी आहे, खात्री नाही. आता सांग, हे साठ जण बाबांकडे गेले आणि नवं कार्ड लावलं, तर काय होईल?"

"पन्नासातल्या बहुतेकांची रेघ जाईल. फुंकर मारा, नाहीतर मारू नका!"

"आणि ते दहा?"

तिला मास्तरांचे पिवळट डोळे आठवले. आता तिला वेगळीच भीती वाटू लागली.

संध्याकाळी औषधांच्या दुकानातून तिने तीच कार्डं आणली, प्रत्येकासोबत नवी सुई. रांगेत आईजवळ जाऊन म्हणाली, "आई, फुंकर मारण्याआधी एकदा बघू."

"अगं, बाबांचा अपमान होईल!" मावशी करवादली.

"घाबरलीयस ना?" आई म्हणाली.

"घाबरणारच. दुसरी रेघ आली तर काय करायचं, मला माहीत नाही. पण आली तरी आपण इस्पितळातच जायचं."

आईने बोट पुढे केलं. गुलाबी ओल कार्डावर सरकू लागली. एक रेघ उमटली. दुसरी येईच ना.

"मावशी, बाबा तर अजून वरच आहेत," बबडी म्हणाली.

मागची माणसं पुढे सरसावली. "माझंही बघ, पोरी!" एकामागून एक कार्डं एका रेघेची निघाली. मग मास्तरांनी हात पुढे केला. दोन रेघा. सगळे एकदम बोलू लागले.

गलका ऐकून बाबा खाली आले. "कार्डं बाटवलीत! आता फुंकर लागणार नाही!"

"फुंकर न मारताच रेघा गेल्या, बाबा," बबडी म्हणाली. "त्या बहुतेक पहिल्यापासून खोट्याच होत्या. आणि मास्तरांची खरी असेल, तर तुम्ही त्यांना इस्पितळात का जाऊ दिलं नाही?"

"त्याची श्रद्धा—"

"वा!" आई कडाडली. "रेघ गेली की करामत तुमची, राहिली की दोष त्यांचा! चला मास्तर, रिक्षा बोलावते."

मोठ्या तपासणीत आई निरोगी निघाली. मास्तरांना आजार होताच. उशीर झाला होता, पण उपचार लागू पडले. बाबांचं म्हणाल तर ते दुसऱ्या वस्तीत हलल्याचं कळतं. तिथे आता सांधेदुखीवर फुंकर मारतात.

घाबरलेल्या माणसाला चमत्कार लवकर पटतो. बबडीलाही पटला होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुणी 'इतके बरे झाले' म्हणालं, की एवढं जरूर विचारा: काहीच केलं नसतं, तर किती जण बरे निघाले असते? आणि डॉक्टरकडे जाऊ नका असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा आणि थेट डॉक्टरकडे जा.