हात्सुएचं नाव

“तुम्हाला खोटं वाटेल,” चहाचा पेला खाली ठेवत सेगावा मास्तर म्हणाले, “पण ह्या पोरींनी पेन्सिलीच्या तुकड्यांनी एक मंत्री रडवला होता.”

पोरी सगळ्या सत्तरीतल्या. जुन्या सूतगिरणीतल्या लेखनमंडळाच्या उरलेल्या सहाजणी नगरभवनात जमल्या होत्या, आणि दरवर्षीप्रमाणे मास्तरांना रान मोकळं होतं. देश युद्ध हरल्यावर टोकियोचे कोवळे विद्वान गावोगाव हिंडले. आपल्या घरातलं खरं लिहा, त्यातूनच नवा जपान उभा राहील, असं सांगत. मास्तर त्यांतलेच एक.

मंडळातल्या हात्सुएनं खरं लिहिलं. आपली आई सासूच्या नकळत कोठारातले कच्चे तांदूळ चावून पोट भरते, हे. मंत्र्यानं ते संसदेत वाचून नाक शिंकरलं, तेव्हा बाहेरच्या मोर्चाला तोफ डागल्यासारखं वाटलं, असं मास्तरांचं म्हणणं. मागच्या वर्षी सांगताना तो नुसता हुंदका होता. लेख शाळेच्या पुस्तकात गेला, एवढं मात्र खरं. आणि तिच्या आईला गावानं वाळीत टाकलं, हेही. हात्सुएनं पुढे एक ओळ लिहिली नाही. गेल्या थंडीत ती वारली.

आता गिरणीच्या जागी दगड उभा राहणार होता. त्यावर त्या लेखातल्या ओळी, खाली तिचं नाव. नगरपालिकेचा मियाके अवघडून विचारत होता, नाव तिला चाललं असतं का? मंडळाचा नियम तर होता म्हणे, लेखाखाली नाव नाही आणि लेख मंडळाबाहेर नाही. मग टोकियोच्या मासिकात नावासकट कसा गेला?

मास्तरांनी रिकामा पेला ओठांना लावला.

“तिनंच सांगितलं. लेख पाठवायच्या संध्याकाळी. खाचरांत बेडूक असे बोंबलत होते की बिचारीला टेबलावर चढून ओरडावं लागलं. म्हणाली, मास्तर, माझं नाव घाला.”

सगळ्या हसल्या. मियाकेनं सुटकेचा निःश्वास टाकला. मास्तरांचा हात पेल्याभोवती तसाच राहिला.

हसली नाही ती तोमी. गिरणीच्या वसतिगृहात तिचं अंथरूण हात्सुएच्या शेजारी असायचं. ती संत्रं सोलत होती.

“बेडूक बोंबलत होते?”

“कान किटेपर्यंत.”

“म्हणजे भातलावणी चालू होती.” तिनं साल अलगद बाजूला ठेवली. “लावणीला गिरणी सुट्टी द्यायची, मास्तर. आम्ही झाडून सगळ्या गावी जायचो. त्या साली मी हात्सुएकडेच होते, तिच्या आईच्या शेजारी, गुडघाभर चिखलात.”

तोमीनं संत्र्याची एक फोड सुटी केली.

“मंडळाच्या खोलीत तेव्हा तुम्ही एकटेच होता.”