डोमाचा उजवा हात

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो तुमसरला जातो. जन्मभर बंडी-धोतरात राहिलेला माणूस तिथल्या स्टुडिओतून कोट-टाय घालून परत येतो. मागे बर्फाचे डोंगर, नाहीतर गुलाबाची बाग. यात कोणाला वावगं वाटत नाही. जिवंतपणी जमलं नाही ते फोटोत तरी व्हावं, एवढंच. माझ्या वडिलांचा फोटोसुद्धा टायमधला आहे. त्यांनी कधी पायात बूट घातले नव्हते.

डोमाचा फोटोही असाच तुमसरला गेला.

डोमा माझा शेजारी. मी शाळेत मास्तर झालो, तो फौजेत गेला. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्यानं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. फौजेतून सुटून आल्यावर तो तुमसरच्या एका राइस मिलमध्ये चौकीदार झाला, आणि ती नोकरी त्याला नडली. आमच्या भागात बोटं नसलेला माणूस दिसला की ती कुठं गेली हे कोणी विचारत नाही. मिलच्या पट्ट्यात गेली, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तसे हात प्रत्येक गावात आहेत. डोमाचीही बोटं गावानं मिलमध्येच घालवून टाकली.

"अरे, गेटवर बसणाऱ्याची बोटं पट्ट्यात कशी जातील?" मी विचारायचो.

"डुलकी लागली असंन जी गुरुजी, पट्ट्यापाशी," लोक हसायचे.

शाळा समितीचा अध्यक्ष इश्वर तर पानठेल्यावर सगळ्यांसमोर म्हणायचा, "काहो फौजीभाऊ, लढाईत गेली म्हणता, त कागद दाखवा नं."

"कागद उधईनं खाल्ले बावा," डोमा म्हणायचा. "हात नाही खाल्ला. हा पाहून घे."

तोही हसायचा. पण एकदा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आम्ही दोघं शेताच्या धुऱ्यावर बसलो होतो, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, बोटाचं काही नाही. पण त्याच गोळ्यानं माह्या बाजूचा पोरगा गेला जी. सातारकडला होता. माही बोटं मिलात गेली म्हटलं, त तो कुठं मेला मंग?"

मी पाण्यात उभं राहून रोवणी करणाऱ्या बायांकडे पाहत राहिलो.

त्याची नात रुचिता. ती रांगत होती तेव्हा तिचा बाप गेला, आणि वर्षभरात आई दुसऱ्या घरी गेली. डोमानं आणि त्याची बायको पार्वताबाई हिनं तिला वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, डोमानंच. वेण्यासुद्धा तोच घालायचा. डाव्या हातात केसांची बट धरायची आणि उजव्या हाताच्या त्या दोन बोटांच्या चिमट्यात पेड ओढायचा. वेणी अशी घट्ट बसायची की पोरीच्या भुवया वर चढायच्या. वर्गातल्या बाकीच्या मुली आयांकडे हट्ट करायच्या, आम्हाला डोमाआबासारखी वेणी घालून दे.

पहिलीत मी तिला विचारलं, "दोन हातांची मिळून बोटं किती?"

"सात."

मी चिंचोके मांडले, तिचीच बोटं तिला मोजायला लावली. तिनं नीट दहापर्यंत मोजली आणि मग मलाच समजावलं, "लहान लेकराईले दहा राह्यतात गुरुजी. मोठं झालं का सात."

पुढं सिहोऱ्याच्या शाळेत तो तिला सायकलवर पोचवायचा आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच चिंचेखाली बसून राहायचा. ती नर्स झाली, भंडाऱ्याला दवाखान्यात लागली, तेव्हा तो गावभर पेढे घेऊन फिरला. इश्वरच्याही घरी गेला.

मागच्या हिवाळ्यात डोमा गेला. आणि गावाला एकाएकी आठवण झाली की आपल्या गावात एक फौजी होता. इश्वर म्हणाला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा फोटो करू आणि नंतर तो शाळेत लावू. खर्च तो स्वतः करणार होता. खोटं कशाला बोलू, तो मनापासून म्हणत होता.

घरात डोमाचा चांगला फोटो एकच. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभा आहे, दहावी पास झालेल्या रुचिताच्या डोक्यावर उजवा हात ठेवून. अंगात बनियन. हात अगदी स्वच्छ आलेला.

"काका, हाच लावा," रुचितानं इश्वरला बजावलं. "बाकी कसाही करा, पण आबाचा हात दिसला पायजे. शाळेतल्या पोट्ट्याईले तरी समजंन, लढाईत गेला म्हणून."

"तू कायले काळजी करते बेटा? मी हाओ नं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी फ्रेम आली. इश्वरनं ती डोमाच्या घरी, आम्हा सगळ्यांसमोर खाटेवर ठेवली आणि वरचा कागद फाडला. फौजेचा कडक इस्त्रीचा ड्रेस, छातीवर पदकांच्या रांगा, डोक्यावर साहेबाची टोपी, आणि त्या टोपीखाली डोमाचा चेहरा. तो सलाम ठोकत होता. उजवा हात कपाळाशी, पाचही बोटं जुळलेली, गोरी, लांबसडक.

रुचिता फ्रेमवर वाकली. मग म्हणाली, "हा हात कोणाचा होय, काका?"

"कोणाचा म्हणजे? स्टुडिओवाल्यापाशी फौजीची बॉडी तयारच राह्यते. तोंड तेवढं बसवते तो."

"मी हात दिसला पायजे म्हटलं होतं."

"दिसूनच त राहिला!" इश्वर खरोखर गोंधळला होता. "अव् पोरी, जिंदगीभर लुळा हात घेऊन फिरला बुढा. फोटोत त धड राहू दे त्याले."

"मले धड नाही पायजे. मले आबा पायजे."

तिनं फ्रेम उचलली. परत तुमसरला नेते म्हणाली, आत्ताच. ती दारापर्यंत गेली असेल, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली पार्वताबाई म्हणाली, "थांब व."

नवरा गेल्यापासून ती फारसं बोललीच नव्हती. तिनं फ्रेम आपल्यापुढं ठेवायला लावली. काचेवरून हात फिरवला. टोपी नाही, पदकं नाही, ती त्या बोटांवरच थांबली.

"लगनात माह्या हातात हात देला, तवा असाच होता," ती म्हणाली. "सुट्टीवरून गेला तवाही असाच होता. मले पुरता पाहू दे."

रुचितानं माझ्याकडे पाहिलं. ती खाली बसली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. फ्रेम राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं मेणबत्त्या लागल्या, भंतेजींनी वंदना घेतली, आणि सगळे म्हणाले, डोमा किती छान दिसते.

सव्वीस जानेवारीला ती फ्रेम शाळेच्या व्हरांड्यात टांगली गेली. झेंडावंदन झाल्यावर मुलांना डोमाबद्दल सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला मुलांपुढं बोलायला आवडतं, अजूनही. मी त्यांना लढाई सांगितली, थंडी सांगितली, तो गोळा सांगितला, शेजारचा साताऱ्याचा पोरगा सांगितला. माझ्या हाताची तीन बोटं मिटून त्याची गेलेली बोटं दाखवली. मुलंही आपापली बोटं मिटून पाहायला लागली.

मग चौथीतल्या ज्योत्स्नानं हात वर केला. "गुरुजी, पण फोटोत त पाचही हायेत."

"बाळ, तो हात डोमाआबाचा नाही. स्टुडिओत दुसऱ्याचा लावला."

"मंग ड्रेस?"

"ड्रेसही... म्हणजे त्याला ड्रेस होता. हा नाही."

"अन् बिल्ले?"

मुलं हसायला लागली. मी परत पहिल्यापासून समजावायला लागलो. मुलं सभ्यपणे ऐकत होती आणि फोटोकडे पाहत होती.

मागं खुर्चीवर धनीराम बसला होता. मिलमध्ये त्याची दोन बोटं गेलेली. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. उलट तो डोमाला आपल्यात घेत होता.

"पोट्टी बरोबर म्हणते जी गुरुजी. फौजेत होता तवा बोटं होती. फोटोतच दिसून राहिली. मंग गेली कुठं? आमच्यासंगच गेली." त्यानं स्वतःचा हात वर करून दाखवला. "लाजाचं काय हाये त्याच्यात?"

माना हलल्या. इतक्या वर्षांचा वाद मिटला म्हणून लोकांना बरं वाटलेलं दिसत होतं.

झेंडावंदनाला आलेली रुचिता उठली. पिशवीतून तिनं तो धुऱ्यावरचा फोटो काढला. भंडाऱ्याहून साधी चौकट करून आणली होती. तो इश्वरच्या हातात दिला. "काका, हा बाजूले लावा. हा खरा होय."

इश्वरनं फोटो हातात धरून नीट पाहिला. भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं फोटो उंच करून सगळ्यांना दाखवला.

"लावू नं बेटा, काहून नाही लावणार? दोन्ही लावू. हा फौजेतला, अन् हा मिलातून आल्यावरचा. पोट्ट्याईले चांगलं समजंन."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. खिळा आणायला शिपाई आत गेला.

रुचितानं हात पुढं केला आणि फोटो परत मागून घेतला.

"काहून व?" इश्वरनं विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

फोटो छातीशी धरून ती शाळेच्या फाटकाबाहेर गेली. शिपाई खिळा घेऊन आला, क्षणभर थांबला, आणि मग मुलांना बुंदी वाटायला लागला.