तीन सेकंदांचा ब्रेक

"तुम्ही नियम पाळणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवलंत, आणि ते तुम्हाला पुरतं ठाऊक होतं."

एमरिस प्रॉथरोनं अभिप्रायाच्या कागदावर पहिलीच ओळ ही खरडली. कागद होता एका कॉम्प्युटर गेमचा. घरबसल्या आगगाडी चालवायच्या त्या गेमला जोडायचं एक जुनं डिझेल इंजिन बाजारात यायचं होतं. ते अस्सल उतरलंय का, एवढंच त्याला सांगायचं होतं. तसलं इंजिन त्यानं खोऱ्यात तीस वर्षं हाकलं होतं. पण ही ओळ गेमवाल्यांसाठी नव्हतीच. ती होती पन्नास वर्षांपूर्वी एका चौकशी अहवालाखाली सह्या ठोकणाऱ्यांसाठी.

झालं ते असं. ते इंजिन बनवणारी टॅमसिन दुपारी लॅपटॉप आणि ब्रेकचा दांडा घेऊन त्याच्याकडे आली. दांडा टेबलाला आवळला, चहा झाला, एमरिस बसला.

"आवाज कसा वाटतो?"

"फक्कड. थंडीत चालू होताना खोकतं, तेही बरोबर. खुर्ची मात्र फार मऊ दाखवलीस, पोरी. आमच्या खुर्चीनं अर्ध्या इंजिनशेडला मूळव्याध दिली होती."

मग पडद्यावर क्रेग-दूचा उतार आला. मागे कोळशाच्या अठ्ठावीस वाघिणी. त्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत, सगळा भार इंजिनाच्या ब्रेकवर. रुळाकडेच्या चॅपलचं, म्हणजे प्रार्थनाघराचं, दार दिसताच एमरिसनं दांडा ओढला. गाडी सिग्नलच्या बरीच अलीकडे थांबली.

"झकास! कुठे करू सही?"

"थांबा की. तुम्ही लवकर ओढलात. नियमपुस्तकात पांढऱ्या पाटीपाशी ओढा असं आहे."

"नियमपुस्तक गेलं खड्ड्यात. आमच्या शेडचा प्रत्येक जण चॅपलपाशीच ओढायचा."

"हे कुठे लिहिलंय?"

"नियम मोडतो हे लिहून देऊन नोकरी कोण घालवेल?"

"बरं, एकदा पाटीपाशी ओढून दाखवा."

त्यानं ओढला. गाडी बरोब्बर सिग्नलपाशी थांबली. टॅमसिन खूश झाली. एमरिसच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण इडवल. पन्नास वर्षांपूर्वी याच उतारावर गाडी चालवणारा, दुसऱ्या शेडमधून आठवड्यापुरता आलेला ड्रायव्हर. पाटीपाशी ब्रेक ओढला असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. गाडी लाल सिग्नल ओलांडून पन्नास यार्ड पुढे गेली आणि अकरा वाघिणी उलटल्या. अहवालात आलं, ब्रेक तीन सेकंदांत धरतो, म्हणजे ड्रायव्हरनं उशिरा ओढला. इडवलला इंजिनावरून उतरवून डबे झाडायला लावलं. आमच्या खोऱ्यात माणसाला धंद्यावरून नाव पडतं, कोणी पाववाला, कोणी दूधवाला. त्याला नाव पडलं इडवल लाल. मेल्यावरही ते सुटलं नाही. ते कानावर पडू नये म्हणून त्याची बायको नेस्टा आजही मासळी आणायला शेजारच्या गावाला जाते.

आणि अपघाताच्या आदल्या दिवशी एमरिसनं इडवलबरोबर बसून चहा प्यायला होता. चॅपलची गोष्ट सांगितली नव्हती. परक्या शेडच्या माणसाला आपल्या युक्त्या सांगायच्या नाहीत, असा रिवाज. चौकशीतही तो गप्प बसला.

"म्हणजे इडवल खोटं बोलला?" एमरिस पडद्याकडेच बघत म्हणाला. मग एकदम वळला. "ए, ब्रेक धरायला किती सेकंद दिलेस तू, आणि आणलेस कुठून?"

"तीन. त्या चौकशी अहवालातून. सरकारी आकडा आहे."

"स्वतः मोजले नाहीस?"

टॅमसिन ओशाळली. "मोजले. संग्रहालयातल्या इंजिनावर, पाच वेळा. दरवेळी आठ आले. म्हटलं, म्हातारं इंजिन, ढिलं पडलं असेल. म्हणून छापील आकडा घातला."

"ढिलं? अगं, कारखान्यातून कोरं आलं तेव्हापासून ते आठच घेत होतं! नाहीतर आम्हाला काय चॅपलची एवढी भक्ती होती? घाल आठ."

तिनं आठ घातले. एमरिसनं पुन्हा पाटीपाशी दांडा ओढला, नियमाप्रमाणे, इडवलप्रमाणे. गाडी घसरत सिग्नलखालून गेली. पडद्यावर आकडा उमटला: सिग्नलपुढे अठ्ठेचाळीस यार्ड.

"इडवलची पन्नास यार्ड गेली होती," एमरिस म्हणाला.

"आमच्या कंपनीच्या साहेबांना तीनच हवेत," टॅमसिन हळूच म्हणाली. "गाडी थांबत नाही म्हणून गिऱ्हाईक ओरडतं. आणि जाहिरातीत तुमचं नाव आहे, खऱ्या ड्रायव्हरनं पारखलेलं इंजिन."

"तीन ठेवलेस तर माझं नाव खोड. तो खोटेपणा एकदा गप्प बसून पचवलाय मी. आता सही करून पचवणार नाही."

"आणि आठ ठेवले तर?"

"तर मोठ्या अक्षरात छाप."

तिनं लॅपटॉप मिटला. "आठच जातील. साहेबांना मी बघते. तुम्ही लिहा."

मग त्यानं पेन उचललं. ती पहिली ओळ उतरली, आणि तिच्याखाली हे:

'इंजिन अस्सल आहे. तुमचा अहवाल नाही. मला चॅपलची गोष्ट माहीत होती आणि मी बोललो नाही. त्याबद्दल काय शिक्षा द्यायची ती द्या, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, पळून जाणार नाही. पण शेडमधला पोऱ्यासुद्धा जाणत होता ते तुम्हाला कळलं नाही, हे मला सांगू नका. तुमचा तीनचा आकडा कोणी मोजला? कोणत्या इंजिनावर, कोणत्या तारखेला? मोजणाऱ्याचं नाव नेस्टाच्या पत्त्यावर लेखी कळवा. आणि कोणी मोजलंच नसेल, तर तो आकडा कोणाच्या सांगण्यावरून लिहिलात?'