सुनेचं कार्ड

देवेशनं स्वप्नालीची बोटं ओट्याच्या ड्रॉवरमध्ये धरली आणि ड्रॉवर गुडघ्यानं आत ढकलला. मी पोळ्या लाटत होते.

"डंडास," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "आज दुपारी तू डंडास स्टेशनला कार्ड टॅप केलंस. तुझं ऑफिस किंग स्ट्रीटला. डंडासला काय आहे?"

"अक्षराचे स्नोबूट बघायला गेले होते. सेल होता. देवेश, प्लीज..."

"मग कुठे आहेत बूट?"

"तिची साइज नव्हती."

त्यानं ड्रॉवर पुन्हा ढकलला. या वेळी ती ओरडली. खाली बेसमेंटमध्ये टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला. सहा वर्षांची अक्षरा, वरून आवाज आले की काय करायचं ते शिकली होती.

मी लाटणं टाकून त्याचा दंड धरला. "सोड तिला. ऐकतोस का? सोड!" त्यानं मागे न बघता कोपर मारलं. ते माझ्या बरगडीत बसलं आणि मी फ्रिजवर आदळले. वरचे मॅग्नेट खाली सांडले.

"कार्ड खोटं बोलत नाही," तो म्हणाला. मग सिंकवर हात धुतले आणि टेबलाशी बसला. "आई, पोळी."

मी त्याला पोळी वाढली. स्वप्नाली फ्रोझन मटारची पिशवी हातावर दाबून उभी होती. मधल्या दोन बोटांची नखं काळी पडायला लागली होती.

ही दोन हजार अकराच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. माझा मुलगा तेव्हा त्या नव्या कार्डाच्या कामावर होता. एका कार्डावर मिसिसागाची बस, तिथून ट्रेन, पुढे टोरोंटोचा सबवे. तीन कारभार वेगळे, तिकिटं वेगळी, मशिनं वेगळी. ती सगळी एकमेकांशी बोलायला लावायची, हे त्याचं काम. हुशार होताच. त्याच्या हुशारीचं कौतुक मी चाळीस वर्षं केलं.

आम्ही अडुसष्ट साली आलो तेव्हा नॉर्थ यॉर्कमध्ये राहत होतो. बसमध्ये चढलं की ड्रायव्हर कागदी ट्रान्सफर फाडून द्यायचा, पातळसा, रोज निराळ्या रंगाचा. त्यावर कुणाचं नाव नसे. शहराची हद्द आली की मात्र तो कागद निकामी. उतरायचं, वाऱ्यात उभं राहायचं, आणि पलीकडच्या बसला पुन्हा पैसे. माझे यजमान शरदचंद्र गारठलेल्या बोटांनी खिशातली नाणी शोधायचे. एकदा छोटा देवेश माझा कोट ओढत म्हणाला, "आई, सगळीकडे एकच तिकीट का नाही? मी मोठा झालो की करीन." यजमान इतके हसले! पुढे महिनाभर येईल त्याला ते सांगत होते.

त्यानं केलं. आणि टेस्टिंगसाठी मिळालेल्या पासवर्डनं तो ऑफिसात बसून बायकोचं कार्ड बघायला लागला.

दिवाळीच्या फराळाला आलेल्या लोकांना त्यानं वाट्या मांडून सगळं समजावून सांगितलं होतं. बसमधल्या मशीनची माहिती रात्री बस गॅरेजमध्ये गेली की मगच येते. स्टेशनवरचं मशीन वायरनं जोडलेलं, तिथला टॅप लगेच दिसतो. राजन म्हणून त्याचा मित्र होता, तो स्वप्नालीकडे बघून हसत म्हणाला, "वहिनी, आता तुमचं काही खरं नाही!" सगळे हसले. चकल्या घेऊन उभी असलेली स्वप्नालीही हसली.

त्या बुधवारी, हात ड्रॉवरमध्ये चेंगरल्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघी लाँड्रीच्या खोलीत ड्रायर चालू करून बोललो.

"आई, मी डंडासला बूट बघायला नव्हते गेले," ती म्हणाली. "तिथे एक वकीलबाई बसतात. आपल्यासारख्या बायकांचं बघतात."

"काय म्हणाल्या?"

"मुलीला घेऊन निघा म्हणाल्या. कागद त्यांनी तयार केलेत. एडमंटनला नीरजा आहे, माझी मावसबहीण. ती तिकिटं काढतेय. पण दुपारच्या आधी विमान नाही. आणि सकाळी माझा टॅप दिसला नाही की हा माझ्या ऑफिसला फोन करणार. याच्या ऑफिसच्या खिडकीतून विमानं उतरताना दिसतात, आई. दहा मिनिटांत एअरपोर्टवर येईल."

"मग टॅप दिसू दे."

तिला कळलं नाही. मी हात पुढे केला. "कार्ड दे मला."

"तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर."

"मी आले तर कार्ड कोण फिरवणार?"

ती हसायला गेली आणि रडायला लागली. तिचा सुजलेला हात मी दोन्ही हातांत धरला.

सोमवारी देवेश गाडी घेऊन गेला, त्याच्यानंतर दोघी मायलेकी टॅक्सीत बसल्या. अक्षराच्या दप्तरात पुस्तकांऐवजी कपडे होते. स्वप्नालीचा फोनही मीच घेतला, आणि तिच्या नेहमीच्या बसनं पोर्ट क्रेडिट स्टेशनला गेले. खांबावरच्या मशीनला कार्ड लावलं. ते पिंग वाजलं. ट्रेनमध्ये बसल्यावर वाटलं, किती सोपं आहे.

युनियनला गर्दीबरोबर उतरले, जिना उतरले, सबवेच्या गेटला कार्ड लावलं आणि आत गेले. किंग स्टेशनला पोचते तोच पर्समधला फोन थरथरला. इंग्रजीत मेसेज होता.

युनियनला टॅप ऑफ का नाही केलंस?

ट्रेनमधून उतरताना पुन्हा कार्ड लावायचं असतं. बसला आणि सबवेला एकदाच, ट्रेनला दोनदा. स्वप्नालीनं मला तीनदा बजावलं होतं. पण माझी सगळी हयात कागदी तिकिटांत गेली. चढताना एकदा छाप मारला की झालं, उतरणाऱ्याला कोण विचारतो?

फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. मग दुसरा मेसेज. तुझ्या ऑफिसला फोन केला. तू तिथे नाहीस. कुठे आहेस?

विमानाला अजून तीन तास होते. त्या दोघी तेव्हा रांगेत असतील, अक्षराचे बूट काढून ट्रेमध्ये ठेवत असतील. आणि तो खिडकीशी बसलेला. त्याला उत्तर पाहिजे होतं. मी नाही दिलं तर तो स्वतः शोधणार होता.

मी परत युनियनला आले. एअरपोर्ट पश्चिमेला, म्हणून पूर्वेची ट्रेन घेतली. चढताना कार्ड लावलं, पिकरिंगला उतरले आणि लावलं. या खेपेला विसरले नाही.

पाच मिनिटं गेली नसतील.

पिकरिंग? कोण राहतो पिकरिंगला?

पुन्हा लावलं, पुढची ट्रेन घेतली. ती यायला बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात मेसेजवर मेसेज आले. मी निघालोय. फोरओवन हायवेवर आहे. तुझा टॅप मला फोनवरही दिसतो. त्याचं नाव सांग. आधी त्याला मारीन, मग तुला. तुझे हात तोडीन. माझ्या पोटच्या मुलानं हे लिहिलं होतं आणि ते वाचून मला हायसं वाटलं. तो खिडकीपासून उठला होता.

व्हिटबीला उतरून कार्ड लावलं आणि प्लॅटफॉर्मवरच्या काचेच्या शेडमध्ये बसून राहिले. जवळच्या सरोवरावरून बोचरा वारा येत होता. माणसं फारशी नव्हती. समोर घड्याळ होतं. विमान सुटायला अजून वेळ होता.

तो भुयारी वाटेच्या जिन्यावरून धावत वर आला. कोट उघडा, डोक्यावर टोपी नाही. माझ्यावरून त्याची नजर दोनदा गेली. तो स्वप्नालीला शोधत होता, एखाद्या पुरुषाला शोधत होता. मग थांबला.

"आई? तू काय करतेस इथे?"

"कार्ड फिरवतेय," मी म्हणाले.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्यानं पर्स हिसकली, उलटी केली. फोन, कार्ड, माझी औषधं, सगळं सिमेंटवर पडलं. कार्ड त्यानं उचलून उलटसुलट करून बघितलं, जणू ते त्याला फसवेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"ती कुठे आहे?"

त्यानं थोबाडीत मारली. चष्मा उडाला. दुसऱ्या फटक्याला खालची कवळी तोंडातून निसटून मांडीवर पडली. तोंडात रक्त आलं, गरम आणि खारट.

"अक्षरा कुठे आहे? माझी मुलगी कुठे आहे? बोल!" त्यानं माझं मनगट पिरगाळलं. आत काहीतरी तुटलं, ते मला आधी ऐकू आलं आणि मग दुखलं. मी बाकावरून खाली पडले. त्यानं बरगडीत लाथ घातली, त्या दिवशी कोपर बसलं होतं त्याच जागी.

आणि मग तो थबकला. पश्चिमेकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं.

"एअरपोर्ट," तो म्हणाला. "यू स्टुपिड बिच, त्या एअरपोर्टवर आहेत."

तो वळला तशी मी धड हातानं त्याची पोटरी धरली. त्यानं पाय झटकला. मी सोडला नाही. तो मला तसाच चार पावलं फरफटत घेऊन गेला. बर्फ होऊ नये म्हणून सिमेंटवर टाकलेलं मीठ माझ्या गालाला लागत होतं. मग त्यानं खाली वाकून माझी बोटं एकेक करून मागे वाकवायला सुरुवात केली.

"हे! हे! गेट ऑफ हर!" केशरी जॅकेट घातलेली एक बाई जिन्यावरून पळत आली. स्टेशनवर काम करणारी, चांगली धिप्पाड. तिच्या मागे वायरलेस घेतलेला एक माणूस.

देवेश सरळ उभा राहिला. कोट नीट केला. त्याचा चेहरा एका क्षणात असा बदलला की मीही बघत राहिले.

"शी इज माय मदर," तो म्हणाला. "बर्फावर घसरली. डिमेन्शिया आहे तिला, घरून निघून आली. मी सकाळपासून शोधतोय." आणि मला मराठीत, अगदी मऊ आवाजात, "आई, ऊठ. हो म्हण. हो म्हण आणि मला जाऊ दे."

ती बाई माझ्याशेजारी गुडघ्यावर बसली. माझी कवळी तिनं रुमालात उचलली होती. "मॅम, डिड यू फॉल?"

हो म्हटलं असतं तर तो वेळेत पोचला असता. नाही म्हटलं असतं तर तो तुरुंगात गेला असता. दुसरं काही नव्हतं. त्याच्या हनुवटीखाली खूण आहे, तिसऱ्या वर्षी टबमध्ये पडला होता त्याची. टाके घालताना मी त्याला धरून बसले होते. खाली पडल्यापडल्या मला ती खूण नीट दिसत होती.

"नो," मी म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, म्हणून पुन्हा म्हणाले. "नो. ही हिट मी. माय सन. त्याला जाऊ देऊ नका."

तो पळाला. वायरलेसवाल्यानं त्याला जिन्याच्या तोंडाशी गाठलं. देवेशनं त्याच्या नाकावर बुक्की मारली, रक्त उडालं. मग दोन प्रवासी धावले आणि तिघांनी मिळून त्याला पालथा पाडला. तो मला हाका मारत होता. आई, यांना सांग. आई. केशरी जॅकेटवाली माझे कान झाकावेत तसं माझं डोकं पोटाशी धरून बसली होती. घड्याळाचा काटा पुढे सरकताना मी बघितला.

हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घातल्यावर एक तरुण पोलीस आला. त्याला नावाचं स्पेलिंग हवं होतं. मी एकेक अक्षर सांगितलं. हे नाव मीच ठेवलं होतं, यजमानांना दुसरं हवं होतं.

संध्याकाळी नर्सनं फोन कानाशी धरला. आधी स्वप्नाली होती. "पोचलो," एवढंच म्हणाली. मग अक्षरानं फोन घेतला.

"आजी, एडमंटन इज सो कोल्ड. माय आयलॅशेस फ्रोझ."

"हो का गं?"

"व्हेअर इज डॅड?"

"पोलिसांकडे आहे, बाळा."

मागे नीरजा कुणाला तरी चहा ओत म्हणत होती.

"डिड यू टेल ऑन हिम?"

"हो," मी म्हणाले. "मीच सांगितलं."

"ओके," अक्षरा म्हणाली. मग म्हणाली, "नीरजामावशीनं बूट आणले. पर्पल. साइज बरोबर आहे."